पेव बुजवण्यापूर्वी

भालकी तालुक्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, एक पेव होते. आजच्या तरुण वाचकांपैकी कित्येकांनी पेव पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सांगते. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा खणायचा, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद. आतून कडब्याचे अस्तर लावायचे, त्यात ज्वारी भरायची आणि वर फरशी ठेवून माती लिंपून टाकायची. बीदर आणि गुलबर्गा या दोन्ही जिल्ह्यांत ज्वारी हेच मुख्य अन्न; त्यामुळे घराची पत पेवावरून ठरे. पीक चांगले आले की पेव थोडे अधिक रुंद करीत. परंतु ज्वारी संपली म्हणून पेव लहान झाले, असे कधी होत नसे. धान्य बाहेर पडे, पोकळी मात्र तेवढीच राही.

१९७२ च्या दुष्काळानंतर ते पेव बुजवावयाचे ठरले. त्या वेळी मी बारा वर्षांची होते. मातीच्या पाट्या भरून तयार होत्या, गडी उभे होते, तेवढ्यात आजी पुढे झाली आणि म्हणाली, “आधी आत कंदील सोडा. एकदा माती पडली की मग काही दिसायचं नाही.” कंदील सोडण्याचा हेतू दुहेरी होता. बंद पेवात विषारी वायू साचतो. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. कंदील तेवत राहिला. गडी उतरला, आणि काळवंडलेल्या ज्वारीखालून त्याने एक पितळी शेर वर काढून दिला. तो केव्हा आत पडला होता कोण जाणे. पुढे माझ्या आईने हयातभर त्याच शेराने ज्वारी मापली.

हे सारे आज आठवण्याचे कारण मात्र अगदी निराळे आहे. ते कारण म्हणजे माझा संगणक.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले ते दिवस, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याची झालेली विभागणी, हे दोन त्यांचे मुख्य विषय. भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. आम्ही भालकीकडचे आणि धाकटे काका उदगीरला. एका रात्रीत दोन भावांची घरे दोन राज्यांत गेली. रेल्वे मात्र तीच राहिली, आणि काका तिनेच ये-जा करीत.

२००४ साली घरात संगणक आला आणि नाना वयाच्या पंच्याहत्तरीत टंकलेखन शिकले. त्या वेळची मराठी अक्षरे आजच्यासारखी नव्हती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला एक फाँट असे. तो फाँट असेल तेथे ‘क’ दिसे, नसेल तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता. युनिकोड या जागतिक पद्धतीत १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे स्थान होते, परंतु आमच्यासारख्यांच्या घरात ती पोहोचायला फार वर्षे लागली. २०१२ साली तो जुना संगणक कायमचा बंद पडला. तेव्हा माझ्या भाच्याने, जो त्या वेळी अभियांत्रिकी शिकत होता, एक युक्ती केली. नव्या संगणकाच्या पोटात त्याने जुना विंडोज एक्सपीचा संगणक जसाच्या तसा उभा करून दिला. याला आभासी संगणक म्हणतात. पडद्यावर एक चौकट उघडे, आणि त्या चौकटीत नानांचा ओळखीचा फाँट, ओळखीचा कळफलक, सारे जागच्या जागी असे. २०१६ साली नाना गेले. त्याआधी वर्षभर ते त्याच चौकटीत लिहीत होते.

गेल्या उन्हाळ्यात माझा लॅपटॉप कुरकुरू लागला. त्याची सारी साठवण २५६ जीबी, आणि त्यातली जवळजवळ सगळी भरलेली. शोध घेतला तेव्हा एकट्या नानांच्या आभासी संगणकाची फाईल ७१ जीबींची निघाली. आत जाऊन पाहिले तर मजकूर, कार्यप्रणाली, सारे मिळून १८ जीबी. उरलेल्या ५३ जीबींत काय होते? बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन केला. त्याने जे समजावले ते मला पेवामुळे चटकन कळले.

आतल्या संगणकाला जी संपूर्ण डिस्क वाटते, ती बाहेरच्या संगणकाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाईल असते. तिचे दोन प्रकार आहेत. एक ठरीव आकाराची. ती आरंभीच सगळी जागा अडवून बसते. दुसरी वाढती, आत जसजसे लिहावे तसतशी ती मोठी होते. आमची दुसऱ्या प्रकारची होती. परंतु ती वाढते, आपणहून आक्रसत नाही. कारण आपण एखादी फाईल पुसतो तेव्हा प्रत्यक्षात काहीच पुसले जात नाही. केवळ अनुक्रमणिकेतील तिचे नाव खोडले जाते आणि ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. मजकूर तेथेच पडून राहतो, पुढे त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. ही अनुक्रमणिका आतल्या संगणकाची. बाहेरच्याला ती वाचता येत नाही. त्याच्या लेखी भरलेले पान आणि टाकून दिलेले पान सारखेच.

म्हणून उपाय असा, की आतल्या संगणकातील सगळ्या मोकळ्या जागेवर शून्ये लिहून काढावयाची. त्यासाठी छोट्या आज्ञावली मिळतात. त्याआधी विखुरलेल्या फाईली एकत्र आणून घ्याव्यात, म्हणजे मोकळी जागा सलग होते. मग आतला संगणक रीतसर बंद करून बाहेरून फाईल आवळण्याची आज्ञा द्यावयाची. आम्ही वापरतो त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही फाईल एकेक एमबीच्या ठोकळ्यांनी बनलेली असते. जो ठोकळा सबंध शून्यांचा दिसेल तो गाळला जातो आणि फाईल तेवढी लहान होते. ठरीव आकाराच्या डिस्कला हा उपाय चालत नाही. पूर्वीची स्थिती जपणारे स्नॅपशॉट घेतलेले असतील तर त्यांचा निकाल आधी लावावा लागतो. आणि शून्ये भरताना फाईल काही काळ उलट फुगू शकते. तेव्हा भरून गेलेल्या लॅपटॉपवर हा उद्योग करूच नये, बाहेरची मोठी डिस्क जोडून तिच्यावर करावा.

सगळे ऐकून मी म्हटले, “म्हणजे पेवात माती भरायची आणि मग वरची जागा अंगणाला मिळवायची.” भाचा हसून “अगदी तसंच” म्हणाला. मी त्याला विचारले, “मग माती टाकण्याआधी आत कंदील सोडता येईल का रे?”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “येईल, आत्या. पण आधीच. एकदा शून्यं भरली की तिथलं काहीही पुन्हा मिळणार नाही.”

मला कंदील सोडावयाचा होता तो माझ्या एका चुकीसाठी. आईने जात्यावरच्या ओव्या नानांना सांगितल्या होत्या आणि नानांनी त्या २००५ साली टंकित केल्या होत्या. २०१४ साली दुहेरी प्रती काढून टाकण्याच्या भरात मूळ आणि प्रत, दोन्ही माझ्या हातून गेल्या. तोपर्यंत आई गेलेली होती. नानांना मी ते कधी सांगितले नाही. त्यांनी विचारले असते तर खोटे बोलले नसते. परंतु त्यांनी विचारले नाही, आणि मी त्या न विचारण्याचा आश्रय घेतला.

भाच्याने सांगितल्याप्रमाणे आभासी संगणक सुरूसुद्धा न करता त्याची संपूर्ण फाईल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. सुरू केला असता तर तो स्वतःच्या कामासाठी मोकळ्या जागेवर काहीबाही लिहितो, आणि नेमके हवे ते झाकले जाण्याची भीती असते. मग त्या प्रतीत हरवलेल्या फाईली शोधणारी आज्ञावली चालवली. भाचा बंगळूरहून माझा पडदा पाहत होता. रात्री अकराच्या सुमारास यादी आली. आईच्या ओव्यांची फाईल तीत होती. मधला भाग दुसऱ्या कशाने तरी झाकला गेला होता. आरंभीच्या आणि शेवटच्या मिळून तेवीस ओव्या हाती लागल्या. मी त्या वाचल्या तेव्हा जात्याचा खुंटा धरलेला आईचा हात मला दिसला. याहून अधिक लिहीत नाही.

आणि त्याच यादीत, खाली, आणखी एक फाईल होती. ती मी लगेच ओळखली.

वाड्याच्या आणि शेताच्या वाटणीवरून नाना आणि काका यांच्यात वितुष्ट आले होते. नानांनी त्यावर एक सबंध प्रकरण लिहिले होते, आणि त्यातील भाषा कडवट होती. २०१३ साली काका गेले. उदगीरहून परत आल्यावर नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितले, “ते प्रकरण काढून टाक. तो आता उत्तर द्यायला नाही.” मी ते त्यांच्यासमोर पुसले. निदान पुसले अशी आम्हां दोघांची समजूत झाली. प्रत्यक्षात ते एवढी वर्षे तेथेच पडून होते.

“आत्या, ही फाईल पूर्ण आहे. उघडू?” भाच्याने विचारले. मी ती कशाची आहे ते सांगितले. तो काही वेळाने म्हणाला, “पण हा घराचा इतिहास आहे. १९५६ मध्ये कुठलं शेत कुणाकडे गेलं, हे दुसरं कुणी लिहिलेलंच नाही.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या भागात कागद नाहीसे होण्याचे दुःख काय असते ते आम्ही जाणतो. बीदरला महमूद गवानने १४७२ साली बांधलेली मदरसा शाळेच्या सहलीत आम्ही पाहिली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने तिचा अर्धा भाग उडाला, आणि जेथे एके काळी मोठा ग्रंथसंग्रह होता तेथे आज रिकाम्या दालनांतून वारा वाहतो. अशा जिल्ह्यातल्या माणसाने हाती आलेला मजकूर आपणहून नष्ट करावा का?

त्या रात्री मी उत्तर दिले नाही. दोन दिवस विचार केला. मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. आईच्या ओव्या माझ्या चुकीने गेल्या होत्या. त्या परत आणणे हे माझे कर्तव्य होते. प्रकरण मात्र लिहिणाऱ्याने स्वतः, विचार करून, मागे घेतले होते. ते परत आणणे म्हणजे नानांचा शब्द मोडणे. शेताची माहिती घराच्या फेरफाराच्या उताऱ्यांत कशीबशी सापडेल. भावाच्या मृत्यूनंतर एका वृद्ध माणसाने गिळलेला राग कोणत्याही दप्तरात सापडू नये.

मी भाच्याला फोन करून सांगितले, “ती फाईल उघडू नकोस. शून्यं भर.” त्याने वाद घातला नाही. “दोन्ही ठिकाणी भरावी लागतील,” एवढेच तो म्हणाला. कारण जी प्रत आम्ही काढली होती तीतही ते प्रकरण होते. ओव्या वेगळ्या जपून ठेवल्या, प्रतीची सबंध डिस्क शून्यांनी भरून काढली, आणि मग मूळ फाईलवर तेच काम केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवळून झाली तेव्हा आकार २० जीबी होता. आतला संगणक पुन्हा सुरू करून नानांच्या आठवणी एकेक उघडून पाहिल्या. सर्व जागच्या जागी होते.

मी योग्य केले की नाही याची मला अजून पुरती खात्री नाही. भाच्याची मुले मोठी होऊन विचारतील तेव्हा काय सांगावे, तेही ठरलेले नाही.

एक गोष्ट मात्र ठरवली आहे. आपल्याकडे कित्येक घरांत मोडीतली जुनी कागदपत्रे ट्रंकेत नीट बांधून ठेवलेली असतात, आणि ती वाचणारा घरात कोणी नसतो. जुन्या फाँटातल्या फाईलींचे तेच होणार आहे. विंडोज एक्सपीची देखभाल तिच्या कंपनीने २०१४ सालीच थांबवली. म्हणूनच नानांच्या त्या चौकटीला मी इंटरनेट जोडत नाही. ती चौकट किती वर्षे चालेल कोण जाणे. तेव्हा रोज चार पाने याप्रमाणे नानांचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेते आहे. रूपांतर करणारी आज्ञावली जोडाक्षरांत आणि रफारांत चुकते, म्हणून प्रत्येक ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे असे लेखन पडून असेल, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. मूळ फाँट माहीत असलेले माणूस घरात आहे तोवरच ते सोपे आहे.

सर्व उतरून झाले की तो आभासी संगणक मी काढून टाकणार आहे. मग सारा मजकूर काही एमबींत मावेल. चौकातल्या बुजवलेल्या पेवावर आता फरशी आहे; उन्हाळ्यात आम्ही तेथे सांडगे वाळत घालतो. पितळी शेर देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे, आणि आईच्या तेवीस ओव्या कागदावर छापून मी त्याच्याखाली ठेवल्या आहेत.