ऋषींनी सांगितलं, अमेरिकेने मानलं. पण नेमकं काय मानलं?

दरवर्षी 21 जून जवळ आला की आमच्या टेबलावर प्रेसनोटांचा ढीग पडतो. पतसंस्था, शाळा, कॉलेज, सगळीकडे योग दिन. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: आपल्या ऋषीमुनींनी जे सांगितलं, ते आता पाश्चात्त्य मानसशास्त्रानेही मान्य केलं. छापून छापून पाठ झालंय. पण मान्य नेमकं काय केलं, हे कोणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण घरात कोणी मानसिक आजाराच्या गोळ्या घेत असेल तर जरूर वाचा.

1979 साली जॉन कबाट-झिन या माणसाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात एक कार्यक्रम सुरू केला. स्वतः झेन, विपश्यना आणि हठयोग शिकलेला. जुनाट दुखण्याने हैराण झालेल्या पेशंटना तो श्वासाकडे, शरीराकडे लक्ष द्यायला शिकवायचा. धर्म, मोक्ष, पुनर्जन्म सगळं बाजूला ठेवून. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी हे ध्यान आणि विचारांवर काम करणारी थेरपी यांची सांगड घातली. 2002 मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

आता महत्त्वाचं. ही पद्धत त्यांनी कोणासाठी बनवली? ज्यांना डिप्रेशन पुन्हा पुन्हा येऊन गेलंय आणि जे सध्या बरे आहेत, त्यांच्यासाठी. ते परत येऊ नये म्हणून. आत्ता बिछान्यातून उठवतही नाही, अशा माणसासाठी नव्हे.

त्याचीही परीक्षा झाली. 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. गोळ्या चालू असलेले 424 पेशंट. काहींना ध्यानाची थेरपी देत डॉक्टरांच्या मदतीने गोळ्या हळूहळू कमी करायला साथ दिली, बाकीच्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या. दोन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटात 44 टक्के लोकांचं डिप्रेशन परत आलं, दुसऱ्यात 47 टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. ध्यान कुचकामी नाही, आणि चमत्कारही नाही.

हे सांगायचं कारण माझ्या ओळखीतले एक मास्तर. डिप्रेशनवर उपचार चालू होते, चार महिन्यांत चांगला फरक पडला होता. घरच्यांनी डोकं खाल्लं, 'या गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा दहा दिवस शिबिराला जा.' गोळ्या एका दिवसात बंद. शिबिराच्या फॉर्मवर आजाराची माहिती विचारली होती, ती घरच्यांनी लिहूच दिली नाही. परत आले ते झोप उडालेल्या अवस्थेत. पुढचं वर्ष फार वाईट गेलं. आता पुन्हा उपचार घेतायत, शाळेतही जातात.

इथे दोष विपश्यनेचा नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीसह गोएंका गुरुजींच्या परंपरेतली केंद्रं स्वतःच सांगतात, की गंभीर मानसिक आजारावर हे शिबिर म्हणजे उपचार नव्हे. ज्यांची विद्या आहे त्यांना तिची मर्यादा ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फॉरवर्ड करणाऱ्यांना.

मुळात दोघांचं ध्येयच वेगळं. पतंजली आणि बुद्ध यांना माणसाची बंधनातून, दुःखातून कायमची सुटका हवी होती. मानसशास्त्राची मागणी साधी आहे: माणसाला झोप लागावी, जेवण जावं, कामावर जाता यावं. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलं म्हणून दोन्ही एकच होत नाहीत.

आणि तपासून बघणं ही काही गोऱ्यांचीच मिरास नाही. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम उभं केलं, ते योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत मोजणी करायची म्हणूनच. शंभर वर्षं झाली. त्यांचा अभिमान असेल तर त्यांची सवयही घेऊ या.

अजून एक. बाबासाहेबांनी बुद्ध मांडला तेव्हा माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाकडे बोट दाखवलं. सावकार दारात उभा असलेल्या शेतकऱ्याला नुसतं 'श्वासाकडे लक्ष दे' म्हणणं बुद्धालाही धरून नाही.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार डिप्रेशनसारख्या आजारांत 80 टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जे मोजके पोचलेत, त्यांना तरी आपण मागे ओढू नये.

योग करा, ध्यान करा. पण कोणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नका. तो निर्णय त्याचा आणि डॉक्टरचा. जवळ डॉक्टर नसेल तर टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, 14416. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. फॉरवर्ड करायचंच असेल तर हा नंबर करा.