अलिबागच्या इस्राएल आळीतला थिजवलेला हलवा

वाचकहो, कुरडईचा चीक आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच चिकात नारळाचे दूध घालून एक थंड, वडीसारखी कापता येणारी मिठाई होते आणि तिला ना भट्टी लागते ना गाईम्हशीचे दूध, हे मात्र पुष्कळांना माहीत नसेल. ते पाहायचे तर रायगड जिल्ह्यात अलिबागला चला.

अलिबागला बहुतेक मंडळी कुलाबा किल्ला पाहून परततात. तुम्ही मात्र गावातल्या इस्राएल आळीत शिरा. इथे मागेन आबोथ हे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते 1848 साली उभे राहिले आणि 1910 साली नव्याने बांधले गेले. हे लोक म्हणजे बेने इस्राएल. फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. अलिबागच्या उत्तरेला, थळच्या पुढे नवगाव लागते. तिथली जुनी दफनभूमी आजही दाखवतात. पुढे ही माणसे गावोगाव तेलाचा घाणा चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावे पाहा: पेणकर, नागावकर, दिवेकर, किहीमकर. घरातली भाषा मराठी. सणांची नावेसुद्धा मराठीच. त्यांच्या वर्षाच्या पहिल्या दिवसाला ते 'नव्याचा सण' म्हणत आले. सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अमावस्या सरली की तो येतो. चिकाचा हलवा हे या सणाचे पक्वान्न.

यात दूध का नाही, असे तुम्ही विचाराल. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात आणायचे नाही. सणाला मटण शिजते, मग मागाहून खायचे गोड दुधातुपाचे कसे चालेल? पण कोकणात परसदारी माड होता. नारळाचे दूध मांसानंतर चालते, म्हणून खवा-बासुंदीची जागा त्याने घेतली. शेतात जे पिकते त्यावर स्वयंपाक बेतावा लागतो, हे मी तीस वर्षे शेतकऱ्यांत हिंडून पाहिले आहे. इथे तर धर्माचा नियमही माडाने निभावून नेला.

आता कृती. गहू तीन दिवस भिजत घालावेत आणि पाणी रोज बदलावे, नाहीतर आंबूस वास हलव्यात उतरतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्यातून गाळावे. चिकट चोथा वेगळा होतो आणि पांढरे पाणी भांड्यात राहते. ते रात्रभर हलवू नये. सकाळी वरचे पाणी ओतून दिले की तळाशी घट्ट चीक मिळतो. एक वाटी चिकाला चार ते पाच वाट्या नारळाचे दूध, दोन वाट्या साखर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. सगळे थंड असतानाच एकजीव करून मगच मंद आचेवर ठेवावे. चीक म्हणजे गव्हातला स्टार्च. साठेक अंशांच्या पुढे तापला की तो पाणी पिऊन फुगतो, आणि निवला की घट्ट धरतो. म्हणून गरम दुधात चीक एकदम ओतला तर गुठळ्याच होतात.

मग ढवळणे. खरे काम हेच! सणाचा मोठा टोप असेल तर दोन-अडीच तास कालथा थांबवायचा नाही, थांबलात की तळाला लागलेच. एकीचा हात भरून आला की दुसरी बसते. मिश्रण चकाकू लागले, कडा सोडू लागले की वेलची, जायफळ घालून तूप न लावलेल्या परातीत ओतावे. वरून बदाम-पिस्त्याचे काप दाबावेत. निवल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडाव्यात. खायला गारच बरा. नारळाचा पदार्थ उष्म्यात लवकर आंबतो, तेव्हा फ्रीज नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

पण हे हात आता आळीत कुठे उरले? 1948 साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या वर्षांत घरामागून घर तिकडे गेले. त्यांच्यातल्या मराठी माणसांनी तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. इकडे मात्र सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि ते जमवणेही कठीण होते. तीन दिवसांचा चीक आणि अडीच तासांची ढवळणी दोन म्हाताऱ्या माणसांना झेपायची कशी?

म्हणून आता पुष्कळ घरी चायनाग्रास वापरतात. हा समुद्रातल्या शेवाळाचा पदार्थ, जिलेटिनसारखा प्राण्यापासून केलेला नव्हे, त्यामुळे त्यांच्या नियमात बसतो आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही. दहा ग्रॅम चायनाग्रास पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, लिटरभर कोमट नारळाच्या दुधात साखरेसह मिसळून ताटात ओतावे. फ्रीजशिवायही ते थिजते. अर्ध्या तासाचे काम. चव गोड, पण चिकाच्या हलव्याचा तो ताणला जाणारा लवचिकपणा यात नाही. माझ्या जिभेला तरी फरक कळतो.

उन्हाळ्यात कुरडयांचा घाट घालाल तेव्हा वाटीभर चीक बाजूला काढून ठेवा. घरात चार जणी जमलेल्या असतातच, कालथ्याला हात कमी पडणार नाहीत.