आधी निदान, मग चिकित्सा

जुनी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांत तिच्या ब्रेकविषयी एक विलक्षण निश्चिंतता आढळते. गाडी थांबते आहे तोवर सारे कुशल, अशी समजूत असते. आमचे मत याहून भिन्न आहे. ब्रेक बहुधा एकाएकी दगा देत नाही. तो आधी चालकाच्या पायास सूचना देतो.

पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पेडलचा दाब नळीतील तेलावाटे चाकांच्या ड्रमांपर्यंत पोहोचतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा शिरल्याचा संशय धरावा. दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात असेल, तर तेल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरे झिजली आहेत. गाडी एका अंगास ओढत असेल, तर एखाद्या चाकाचा लायनर तेलकट झाला आहे काय, हे पाहावे. भांड्यात नुसते नवे तेल ओतीत राहणे म्हणजे ज्वराचे कारण न शोधता कपाळी ओली पट्टी ठेवणे होय.

शिवाय हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. बोरघाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर ड्रम तापून त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दबते; त्यामुळे दाब चाकापर्यंत जातच नाही. म्हणून तेल दर दोन वर्षांनी बदलावे व घाट खालच्या गिअरात उतरावा.

घरची मुलेबाळे गाडीत बसविण्यापूर्वी मोकळ्या, सपाट जागी ब्रेक एकवार पारखावा, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे. शंका आल्यास प्रवास खुशाल पुढे ढकलावा. मुहूर्त पुन्हा मिळतो.