तोंडदेखलं

मराठीच्या पुस्तकात वाक्प्रचारासमोर त्याचा अर्थ छापलेला असतो. 'डोळ्यांत तेल घालणे – फार काळजी घेणे.' विद्यार्थिनी असताना ही यादी मला फार आवडायची, शिकवताना आजही आवडते. माणसांच्या रोजच्या बोलण्याला मात्र कुणी अशी यादी जोडून देत नाही, आणि माझी सगळी गंमत तिथेच सुरू होते.

मी स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. निदान झालं तेव्हा माझं वय ४१ होतं. बी.एड.ला हा विषय अर्ध्या पानात आटोपला होता, तोही न बोलणाऱ्या लहान मुलांपुरता. ही मुलं पुढे मोठी होतात, त्यांतली काही मराठी आणि उर्दू शिकवायला वर्गात उभी राहतात, हे त्या पानावर नव्हतं. अम्मीने ऐकलं आणि म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. घरात लग्नाच्या मुली आहेत." मी विचारलं, "कोणत्या?" माझी मुलगी सातवीत, भावाची तिसरीत. अम्मीला हसू फुटलं, पण तिची काळजी खोटी नव्हती. रिश्ता जुळवताना आपल्याकडे काय काय विचारलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. तरीही मी लिहिते आहे. माझी मुलगी हा लेख आधी वाचून "छापू दे" म्हणाली, एवढं मला पुरे आहे.

आपल्या घरांतला तकल्लुफ ही माझी खास परीक्षा. लहानपणी एका बुजुर्ग पाहुण्यांनी विचारलं, "बेटी, आपका दौलतख़ाना कहाँ है?" मी सांगितलं, "आमच्याकडे दौलत नाही, अब्बांचं शिवणकामाचं दुकान आहे." अजूनही कुणी "या ना कधीतरी जेवायला" म्हटलं की मी वार विचारते. समोरची बाई गडबडते. पाहुणी "निघते हं" म्हणाली की मी उठून दार उघडते. ती उंबऱ्यात उभी राहून पाऊण तास बोलते आणि मी पाऊण तास कडी धरून उभी. घरी गेल्यावर ती म्हणते, मी तिला हाकललं!

यात चूक नेमकी कुणाची? डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ, स्वतः स्वमग्न. २०१२ साली त्यांनी मांडलं की हा गैरसमज दुतर्फा असतो. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोचवायला सांगितली होती, मुलं कानात निरोप सांगत खेळतात तशी. स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "भाभी, आता काय बोलू?" मी म्हटलं, "काहीही बोल, फक्त खरं बोल." तेव्हापासून ती आमंत्रण देताना म्हणते, "तोंडदेखलं नाही, खरंखुरं. शुक्रवारी, दीड वाजता." आणि आम्ही दोघी हसतो. हे हसणं मला चालतं. माझ्या पाठीमागे माझी नक्कल करून हसतात, ते चालत नाही. आपल्या दीनमध्येही कुणाची खिल्ली उडवायला मनाई आहे. ती लग्नघरात उठते असं काही नाही.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने चिडून सहावीतल्या मुलाला सुनावलं, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या तासाला तो मुलगा चेहऱ्यासमोर भूगोलाचं पुस्तक धरून बसला. तिसऱ्या दिवशीही. हा उद्धटपणा म्हणून वडिलांना बोलावणं गेलं, दाखल्याची भाषा सुरू झाली. तो स्वमग्न आहे की नाही, मला ठाऊक नाही. ते मी ठरवायचंही नाही. मी त्याला एकट्याला विचारलं. तो रडवेला होऊन म्हणाला, "सरांनीच सांगितलं. पण किती दिवस, ते नाही सांगितलं."

मी त्याला घेऊन शिक्षक-खोलीत गेले. पुस्तक चेहऱ्यासमोरच होतं. त्याने पुस्तकाआडूनच विचारलं, "सर, आता दाखवू का?"

सरांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "दाखव बाबा, दाखव."

"एकदाच की रोज?" त्याने विचारलं.