माहीत आहे तेवढं विचारावं

फुटकळ माहितीचा साठा करणारी माणसं मला फारशी रुचत नसत. कुठली रेल्वे कधी सुरू झाली, कुठलं पीक कुठून आलं, हे प्रश्नमंजूषेत ठीक. चारचौघांत मात्र ख्यालीखुशाली विचारावी, घरचं-दारचं बोलावं, असं माझं ठाम मत होतं. माहिती सांगणारा समोरच्याला गप्प करतो, असं वाटायचं. आज मी नेमकं उलट मानते.

मत पालटू लागलं ते एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी सांगलीकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. पाऊसपाणी झालं, मुलं काय करतात ते झालं आणि बोलणं संपलं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत, एवढंच मी कधीतरी वाचलं होतं. ‘‘तुम्ही पाहिलीत का हो ती पेवं?’’ असं विचारलं आणि ते खुलले. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र ऐसपैस. हळद आत वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचं. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला. तब्येतीच्या चौकशीला ‘बरं आहे’ म्हणून थांबलेला माणूस हळदीबद्दल मात्र भरभरून बोलला.

तेव्हापासून असल्या माहितीकडे मी आदराने पाहू लागले. एकादशीला चार बायका जमल्या, की मी हमखास सांगते, आपल्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज इकडे येण्याआधी आपल्याकडे त्यांतलं काहीच नव्हतं. मग कुणी म्हणतं, ‘‘आमच्याकडे वरीच खरी.’’ कुणाच्या सासरी उपासाला जिरं चालत नाही, कुणाकडे कोथिंबीर चालते. एरवी कोपऱ्यात बसणारी नवी सून माहेरची रीत सांगू लागते. अचलपूर-यवतमाळकडचं कुणी भेटलं, तर ‘शकुंतला’ रेल्वेचं नाव काढावं. स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीच्या राहिलेल्या नॅरोगेज मार्गावरची ही गाडी त्या भागातल्या कितीतरी घरांच्या आठवणींत आहे.

‘कसं काय?’ हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, म्हणून त्याचं उत्तरही कुणालाही देण्याजोगंच मिळतं. पेवाबद्दल विचारलं, की समोरच्याला कळतं, आपलं गाव, आपलं काम कुणीतरी लक्षात ठेवलं आहे. आडवाटेची माहिती असते तुटपुंजी, आणि तीच तिची खरी सोय आहे. उरलेलं सांगायला समोरच्याला जागा मिळते. ती जागा आपणच भरून टाकली, तर मात्र माझी जुनी तक्रार खरी ठरेल. म्हणून एक वाक्य बोलावं, पुढे प्रश्न जोडावा आणि ऐकावं.

आता नव्या माणसाला भेटायचं असलं, की त्याच्या गावाची, धंद्याची एखादी बारीकशी गोष्ट मी आधी शोधून ठेवते. माणसाबद्दलची आस्था अशीही दाखवता येते, हे मला आता पटलं आहे.