वाफेच्या इंजिनाचे जुने आराखडे आणि तुमची फुप्फुसे

वाफेवर खरोखर धावणारे छोटे रेल्वे इंजिन घरी बनवावे, असे तुमच्या मनात असेल तर मला आनंदच आहे. मलाही तेच वेड आहे. आराखडा कुठला घ्यावा? नवशिक्याने 'टिच' शोधावे. इंग्लंडमध्ये 'एल.बी.एस.सी.' या नावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांचे हे साडेतीन इंची गेजचे, चार चाकांचे इंजिन. प्रत्येक भाग कसा कापायचा, भोक कुठे पाडायचे, हे त्यांनी शेजारी बसून सांगावे तसे लिहिले आहे.

मात्र लॉरेन्स 1967 साली गेले. त्या काळच्या कृतींत पिस्टन रॉडभोवतीची गळती रोखायला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी भरायला सांगतात. तिचे तंतू श्वासातून आत गेले तर आजार कित्येक वर्षांनी दिसतो. तिथे ग्राफाइटची दोरी वापरा.

तांब्याचा बॉयलर जोडण्याचे जुने चांदीचे सोल्डर त्याहून फसवे. त्यातल्या अनेक प्रकारांत कॅडमियम असे. धूर नाकात जातो तेव्हा फारसे काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला, अंगदुखी सुरू होते, माणूस फ्लू समजून झोपतो आणि इकडे फुप्फुसांत पाणी साचू लागते. असे झाले तर थेट रुग्णालय गाठा, सोल्डरचे वेष्टन सोबत न्या आणि काय तापवत होता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही. कॅडमियमविरहित सोल्डर मिळते, दुकानात तेच मागा.

बॉयलरची पहिली चाचणी थंड पाण्याने, नेहमीच्या दुप्पट दाबावर घ्या. सांधा सुटलाच तर फक्त कपडे भिजतील.