खंजिरीला हेडफोन

ज्यांचं वाजवणं ऐकत आपण मोठे झालो, त्यांना साथीला घेऊन अल्बम करायचा, ही कल्पना लांबून फार गोड वाटते. मी खंजिरी भजनांचा अल्बम करायचं ठरवलं तेव्हा बुवा आणि मामा सोडून दुसरी नावं डोक्यातही आली नाहीत. बुवा मोझरीच्या बाजूचे, खंजिरीवाले. मामा मूर्तिजापूरकडचे, ढोलक वाजवतात. दोघंही सत्तरीपुढचे, दोघंही शेतकरी. मुंबईचं नाव काढल्यावर मामांनी "गाईले पानी कोन पाजीन?" एवढंच विचारलं. म्हणून अकोल्यातला एक लहानसा स्टुडिओ ठरवला.

खंजिरी वऱ्हाडात आधीपासून होतीच. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाने मात्र तिच्यावर गावंच्या गावं जागी केली. पुढे जग त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागलं. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभं राहिलं, १९५५ साली महाराज जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं गुरुकुंज मौन होतं; त्या मौनाच्या अलीकडे-पलीकडे गावोगावच्या मंडळांची भजनं चालतात. माझे कान तयार झाले ते तिथे. शास्त्रीय गाणं नंतर शिकलो, पण लय म्हटली की अजूनही पितळी चकत्यांचाच आवाज आधी येतो.

बुवांना अमरावतीहून अकोल्याला मीच गाडीतून नेलं. याच रस्त्यावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बुवा म्हणाले, "मंग तू गाडी इतकी हळू काहून चालवून रायला?"

स्टुडिओत त्यांच्या कानावर हेडफोन चढवले आणि ते दचकले. "कानात कोन टकटक करून रायलं?" ध्वनिमुद्रकाने समजावलं, की ही टकटक धरून वाजवलं म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करता येतं, चुकलं तेवढंच बदलता येतं. मुलगा हुशार होता, आणि हल्लीचे बहुतेक अल्बम असेच होतात. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थ्याले म्हना, आमच्या मांगं मांगं ये."

भजनाची लय चढते. ती चुकून नाही, चढायचीच असते. पहिलं कडवं सावकाश, धृपद दोनदा, मग जरा पुढे, आणि शेवटच्या कडव्याला खंजिरी डोक्याच्या वर. नंतर एका जुन्या कॅसेटवर मोजून पाहिलं, तर मिनिटाला ८०च्या आसपास सुरू झालेलं भजन १३०च्या पुढे जाऊन थांबत होतं. टकटक बंद केली. तरीही दुपारभर लय चढेना. दोघं वाजवत होते बिनचूक, आणि बुवांच्या खंजिरीचा मला आयुष्यात पहिल्यांदा कंटाळा आला.

कारण मामांनी सांगितलं, तेही चहा पिता पिता. "धृपद उचलाले कोनी हाय कुठी?" समोर काच होती, भिंतींवर फोम होता. बुवा ओळ टाकत होते आणि ती झेलायला माणूसच नव्हता. लय त्यांच्या मनगटात असते असं मी इतकी वर्षं समजत आलो. ती पन्नास माणसांच्या घशातून परत येते आणि बुवा तिला पुढे ढकलतात. मला आवडणारी अर्धी गोष्ट स्टुडिओच्या दाराशी, चपलांजवळ राहिली होती.

मामांना सोडायला मूर्तिजापूरला गेलो. याच तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचं लहानपण त्यांच्या मामाच्या घरी गेलं. वाटेत मी मोबाइलवर त्यांचं कीर्तन लावलं, ८ नोव्हेंबर १९५६चं. वऱ्हाडच्या या माणसाचं हे अखेरचं कीर्तन मुद्रित झालं ते मुंबईत, बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात. सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, ते अमरावतीजवळ गेले. बाबा प्रश्न टाकतात आणि समोरच्यांकडून उत्तर काढून घेतात; लोकांचा आवाज त्यातून कापून काढला तर बाबांचं कीर्तन उरणार नाही. एखाद्या बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना खोलीत एकटं उभं केलं असतं तर काय हाती लागलं असतं, या विचाराने मला धास्तीच वाटली.

मग पुढचं मुद्रण मामांच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात केलं. वर दोन माईक टांगले, पंखे बंद केले. मंडळातली माणसं, शेजारपाजारच्या बाया, मांडीवर पोरं. शास्त्रीय बैठकीत गायकाने इशारा करायचा आणि साथीदाराने पाळायचा. इथे उलटं. बुवांनी खंजिरी खाली आणली की धृपद पुन्हा, वर नेली की पुढचं कडवं, मग माझी तान अर्धी राहो की पुरी होवो. दोनदा राहिली. तिसऱ्यांदा मी तान घेतलीच नाही. सरळ ओळ म्हटली आणि लोकांनी ती अशी उचलली की मला माझाच आवाज ऐकू येईना. साथीला बुवांना बोलावलं होतं. साथ मी करत होतो, आणि ती बरी जमत होती.

मुद्रण ऐकून ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. गायक मागे, खोकला पुढे. एक भजन तर अकरा मिनिटांचं. ७८च्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, म्हणून गवयांनी राग तेवढ्यात बसवायची कसरत शिकून घेतली. आता जागेची अडचण नाही, तरी तीन मिनिटांच्या पुढे कोणी ऐकत नाही असं मला सांगतात. नसतील ऐकत. अकरा मिनिटं तशीच ठेवली आहेत, कारण चौथ्या मिनिटाला कापलं तर लय अजून चढायलाही लागलेली नसते. खोकलाही ठेवलाय. तो मामांचा आहे.

दोन भजनं अजून बाकी आहेत. तारीख विचारायला परवा फोन केला, तर बुवा शेतात होते. सोयाबीन निघालं होतं, कापसाचा पहिला वेचा चालू होता आणि मजूर मिळत नव्हते. "दुसरा वेचा होऊ दे," म्हणाले, "आन् येशीन तवा थो टकटक्यावाला पोरगाही घेऊन ये. टाळ देऊ त्याच्या हाती."